घाटाचे ऋण

अभनपुराच्या चहूंकडे भाताची सपाट खाचरे आहेत. अशा मुलुखात वर्षे काढणाऱ्या मराठी कारकुनास डोंगराची ओढ किती असते, हे आपणां परप्रांतस्थ वाचकांस सांगावयास नको. गेल्या श्रावणात रजेवर गेलो असता मुंबईहून पुण्यास मुद्दाम दिवसाच्या गाडीने निघालो. कर्जतला मागून ढकलणारी इंजिने जोडली गेली आणि दमट किनारपट्टी मागे टाकून गाडी बोरघाट चढू लागली. बोगद्याचा काळोख, लगेच धबधबा, पुन्हा काळोख. मन तृप्त झाले.

तोच पूर्वी वाचलेले काही आठवले. हा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. चढ इतका की काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट. १८६१ साली येथे ४०,००० वर माणसे राबत होती. पटकीने व अपघातांनी हजारो मेली. १८५९ च्या जानेवारीत तर मजुरी थकल्यावरून दंगा झाला. ‘मजुरी थकल्यावरून’ हे शब्द मनात येताच मी दचकलो. रजेच्या घाईत रोजंदारीच्या माणसांचा हजेरीपट न तपासताच मी टेबलाच्या खणात ठेवून आलो होतो!

दुसऱ्याच्या हालांतून लाभलेल्या सौंदर्याचा आस्वाद घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय? कोणी म्हणेल, मेलेल्यांना आता त्याचे काय? कोणी म्हणेल, मग खिडकीच लावून घ्या. मला दोन्ही पटत नाही. खिडकी लावल्याने कोणाची मजुरी फिटत नाही. शतपथब्राह्मणात देव, ऋषी व पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत, त्यांचे ऋण त्यांस परत करता येत नाही. परंतु तेवढ्याने ऋणको मोकळा होत नाही. आज ज्याच्या घामाचे मोल आपल्या हाती अडकले आहे, तोच त्या मृतांचा वारस समजावा, आणि मगच खिडकीशी बसावे.

खंडाळ्यास पोहोचताच कचेरीतील सहकाऱ्यास फोन करून चूक कबूल केली व खणाची किल्ली कोठे आहे ते सांगितले. त्याने त्याच दिवशी काम उरकले. तरीही त्या माणसांच्या घरी पैसे चार दिवस उशिरा पोहोचले. ते चार दिवस माझ्या खाती तसेच आहेत.