आप्त कोण?

पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले तेव्हा इतिहासाला आधार कागदाचा, हे जवळपास गृहीतच होते. दफ्तरे वाळवीपासून सोडवायची, मोडी वाचायची, छापायची. ते काम झाले नसते तर आज वाद घालायलाही काही उरले नसते. यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांच्या शारदाश्रमाने महानुभावांकडे लक्ष वळवले, तेही पोथ्यांवाटेच. पण ज्यांच्या घरी पोथी नाही की दफ्तर नाही, त्यांचे काय? वणी तालुक्यातले राजूर कोळशाच्या खाणीवर वाढले. खाणीच्या हजेरीपटात मजुराचे नाव सापडेल, पाळी सापडेल. तो कोणाचे नाव घेऊन खाली उतरत होता, 1956च्या बौद्ध धर्मांतरानंतर कोणाच्या घरातले देव गेले आणि त्यावरून घरात काय बोलणे झाले, हे त्या पटात नसते; म्हाताऱ्यांच्या तोंडी असते. अशा गावात इतिहास मंडळ निघाले तर त्याने हे सांगणे पुरावा मानावे का? प्रश्न कार्यपद्धतीचा दिसतो, पण मुळात तो ज्ञान कशाला म्हणावे याचा आहे.

सर्वांत कडक आक्षेप नैयायिकांचा. स्मृती ही प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, नव्हे; ती आधीच्या अनुभवाच्या केवळ संस्कारातून जागते. हे मान्य करूनही वाट उरते. सांगणाऱ्याची स्मृती ऐकणाऱ्यापर्यंत शब्द होऊन येते, आणि बोलणारा आप्त असेल तर शब्द हे न्यायदर्शनात चौथे प्रमाण आहे. ज्याला गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो ती आहे तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट सांगतो. जन्म, शिक्षण, कागद यांची अट त्याने घातलेली नाही. आपल्या मंडळांनी मात्र ती बराच काळ न बोलता घातली.

तरी श्रद्धा आठवणीला रंग देते, त्याचे काय? देतेच. पण विदर्भातच याचे जुने उत्तर आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मागे त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी ज्याला जे ठाऊक त्याच्याकडून, त्यात बायकाही आल्या, विचारून चक्रधरांच्या लीळा, म्हणजे आठवणी, गोळा केल्या. पुढे मूळ पोथी हरवली आणि ग्रंथ पुन्हा आठवणींतून उभा करावा लागला, तेव्हा जिथे सांगणे जुळेना तिथे भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून नोंदले गेले. सांगणारे भक्त होते, तरी मतभेद त्यांनी पुसला नाही. कित्येक सरकारी अहवालांत एवढा प्रामाणिकपणा सापडत नाही.

अडचण खरी आहे ती वेगळीच. आप्त ओळखायचा तर माणूस ओळखावा लागतो: कोण बढाई मारतो, कोणाचे कोणाशी वैर, कोण तेव्हा खरोखर खाणीत होता. बाहेरून आलेल्या संशोधकाला हे कळायला वर्षे लागतील, शेजारणीला ते आधीच ठाऊक असते. म्हणून अशा मंडळात खाण कामगारांच्या घरची माणसे केवळ मुलाखती देणारी असून चालणार नाही. कोणाचे सांगणे ग्राह्य धरायचे हे ठरवताना त्यांचे मत लागेल, आणि झालेला निर्णय मान्य नसेल तर तसे लिहून ठेवण्याचा अधिकारही.