फसवणूक नेमकी कोणाची?

1990च्या सुमारास निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी ‘गेम जिनी’ नावाचं उपकरण आलं. कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्यामध्ये ते बसतं. कन्सोलने प्रोग्रॅममधल्या ठरावीक जागेवरचा आकडा मागितला, की दुसराच आकडा पुढे करतं. तीनाऐवजी आठ जिवांनी खेळ सुरू होतो. वीज बंद केली की सारं पूर्ववत, कार्ट्रिजला ओरखडाही नाही. निन्टेन्डोने दावा लढवला, पण 1992 साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने विक्रेत्या गलूब कंपनीच्या बाजूने कौल दिला. आज जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या इम्युलेटरच्या मेनूतही हीच सोय असते. कायद्याचा प्रश्न सुटला, नीतीचा उरला: एकट्याने खेळताना असं करणं पाप आहे का? माझ्या मते नाही. फसवणुकीला फसणारा लागतो, मोडलेला शब्द लागतो.

आक्षेप असा, की माणूस स्वतःलाच फसवतो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांच्या मते खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपखुशीने ओलांडण्याचा प्रयत्न. मग अडथळाच काढला तर खेळ उरतो कुठे? आक्षेप वजनदार आहे. पण आपखुशीने स्वीकारलेला अडथळा कमी-जास्त करण्याचा हक्कही स्वीकारणाऱ्याचाच. ‘ग्रेडियस’ या व्हिडिओ गेमची चाचणी घेताना तो फार अवघड जातो म्हणून त्याचे प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांनी स्वतःच त्यात खेळ सोपा करणारा बटणांचा गुप्त क्रम घातला. खेळ तयार करणाऱ्याला जी सवलत लागली, ती खेळणाऱ्याला का नाकारावी? थकलेल्या बोटांना शेवटचा टप्पा गाठता यावा म्हणून घेतलेली मदत निर्मळ आहे. तीच लपवून विक्रम मिरवला, की खोटेपणा सुरू होतो. पाप त्या लपवण्यात आहे.