नळाला सुतळी बांधणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

हात धुवायला म्हणून तुझ्या बाथरूममध्ये गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही, तेव्हा तुला वाटलं असेल, सरांची तब्येत बिघडली. माझी तब्येत ठणठणीत आहे. बिघडलंय तुझं बाथरूम, आणि त्याच्याहून जास्त तुझं डोकं. तिथल्या तिथे बोललो नाही, कारण सूनबाई शेवभाजी वाढत होत्या आणि पोरं कान टवकारून बसली होती. आता धुळ्याला पोचलोय, पंखा लावलाय, आणि लिहितोय. मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

गळक्या नळाला सुतळी बांधलीस! कशासाठी, तर पाणी सुतळीवरून गुपचूप बादलीत उतरावं आणि रात्री टपटप ऐकू येऊ नये. म्हणजे गळती चालेल, तिचा आवाज तेवढा नको. एवढी अक्कल लढवलीस, त्याच्या चतुर्थांश अक्कलेत नळ दुरुस्त झाला असता.

विचारलं तर म्हणालास, "सर, प्लंबर येतच नाही." का येईल? त्याला बांधकामावर दिवसभराचं काम आहे. मे महिन्यात, जळगाव तापून पंचेचाळिसावर गेलेलं असताना, पाच-दहा रुपयांच्या वायसरसाठी त्याने तुझे तीन जिने चढावेत का? आणि आला की तीनशे रुपये मागतो म्हणून पुन्हा तूच चार लोकांत कुरकुर करणार.

राहतोस कुठे, याची तरी लाज बाळग. ज्या गावातून पीव्हीसीच्या नळ्या आणि ठिबकचे संच देशभर जातात, परदेशातही जातात, त्या जळगावात राहतोस तू. तुझे काका रावेरला केळी लावतात. एका झाडाला दिवसाचं किती लिटर पाणी, हे त्यांना तोंडपाठ असतं. बागेत ताशी 4 लिटरचा ड्रिपर असतो ना, तेवढीच धार तुझ्या नळाची आहे. चोवीस तासांचे झाले 96 लिटर. पाच-सहा बादल्या! काका तेवढ्यात केळी जगवतात, तू नाहणी जगवतोस. आणि हे वाघूर धरणाचं पाणी तुझ्याकडे रोज येत नाही. तुझा जन्म तर धुळ्यातल्या देवपूरचा. नकाणे तलाव आटला की नळाला आठवडा-आठवडा पाणी नसायचं, आई पिंप भरून त्यावर कापड बांधायची. ते सगळं कुठे विसरलास?

आता नळ. आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद कर आणि नळ सोडून नळीतलं उरलंसुरलं पाणी जाऊ दे. नाहणीच्या जाळीवर फडकं टाक, नाहीतर मुठीचा स्क्रू आत जाईल आणि तू पुन्हा प्लंबरच्या नावाने बोंब मारशील. मूठ काढली की खाली षटकोनी डोकं दिसेल. पाना लावून ते डावीकडे फिरव, पण नळाचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धर, नाहीतर भिंतीतला जोडच हलेल. मग स्पिंडल सबंध हातात येतो. त्याच्या टोकाला काळा रबरी वायसर असतो. तो नीट बघ. मधोमध गोल खाच पडलेली असेल. ती खाच तुझ्या हातची आहे! गळतो म्हणून रोज दात-ओठ खाऊन नळ आवळतोस, आणि जितका आवळतोस तितका वायसर कापला जातो. तो वायसर खिशात टाकून दुकानात ने, शेजारी ठेवून मापाचा घे. परत आल्यावर वायसर जिथे बसतो ती आतली पितळी कड बोटाने चाचप. खरबरीत लागली तर नवा वायसरही महिन्यात फाटेल, तेव्हा नळच बदल. अर्ध्या फेऱ्याहून कमी फिरणारा नवा नळ असेल तर आत रबर नसतंच, सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे आतलं कार्ट्रिज अख्खं बदलायचं.

नळ बदलताना टेप लावशील ती उलटी लावू नकोस. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्यांसारखी, ताणून गुंडाळायची. उलटी लावलीस तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. बेसिनखाली तू टेपच्या जागी एम-सीलचा जो लाडू थापलायस, तो पाहून मला हसू आलं, आणि मी सहसा हसत नाही.

कमोडची टाकी. तिच्यात चमचाभर नीळ टाक आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नकोस. भांड्यात निळा ओघळ उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय. रात्रंदिवस पाणी चाललंय, पण आवाज नाही, म्हणून तुला पत्ताच नाही. टाकी काठोकाठ भरून वाहत असेल, तर तरंगणारा गोळा खाली बसव. जुन्या टाक्या पुष्कळदा सायफनवर चालतात. सायफन आठवतो का, सातवीचा? 1884 साली सरकारी नोकरीत लागलेला विश्वेश्वरय्या नावाचा कोवळा इंजिनिअर आपल्याच खानदेशात आला आणि उमेदवारीच्या काळात पांझरा नदीच्या पात्राखालून पाण्यासाठी पाइपाचा सायफन काढून गेला. धुळ्याच्या पोरांना हे मी दर वर्षी सांगायचो. तू खिडकीबाहेर बघत होतास.

आता नाहणीकडे येतो, कारण खरा राग तिथला आहे. पाणी तुंबतंय, वास येतोय, आणि तू म्हणतोस, "कुणी माणूस मिळत नाही साफ करायला." माणूस! केस तुझ्या घरचे, साबणाचा मळ तुझ्या अंगाचा, आणि तो काढायला दुसरा माणूस हवा? अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. त्यांच्या जयंतीला शाळेत भाषण करून तू बक्षीस घेतलंस, ते माझ्याच हातून. जाळी उचल, खालची वाटी काढ, हातात प्लास्टिकची पिशवी घाल आणि केसांचा गुंता ओढ. वाटी घासून परत बसव, कारण तिच्याभोवतीच्या पाण्यामुळेच गटाराचा वास आत येत नाही. गावाला जाऊन आल्यावर वास आला तर आतलं पाणी सुकलंय, तांब्याभर ओत. एवढंच आहे ते.

त्याऐवजी तू काय केलंस? संडास धुवायचं अॅसिड ओतलंस आणि वर ब्लीचिंग पावडर टाकलीस. सूनबाई म्हणाल्या, दोन दिवस खोकला होता. मूर्खा, या दोन्हींतून क्लोरीन निघतो. 1915 साली बेल्जियममध्ये ईप्र गावाजवळ जर्मनांनी खंदकांवर सोडला होता तो वायू. तू तो दार लावून, लेकरं घरात असताना केलास! एकावर एक काही ओतायचं नाही, कधीच नाही. शॉवरच्या जाळीत बोअरच्या जड पाण्याचा खडू बसलाय, त्याला ते अॅसिड लागत नाही. व्हिनेगरच्या पिशवीत रात्रभर बुडवून ठेव आणि सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने घास.

बेडरूमच्या भिंतीला ओल आली म्हणून तू रंग दिलास. चांगलं केलंस, ओल आता गुलाबी दिसते. पलीकडच्या टाइलांच्या फटी उघड्या आहेत, ते पाहिलंस? जुना भुगा खरवडून काढ, फटी पुसून घे, सफेद सिमेंट घट्ट कालवून बोटाने दाब, वरचं लगेच ओल्या फडक्याने पुस, आणि दिवसभर तिथे आंघोळ नाही. एवढ्याने ओल थांबली नाही तर भिंतीतली नळी गळतेय. तिथे मात्र माणूस बोलाव, आणि पैसे देताना तोंड वाकडं करू नकोस.

गिझर उघडायचा नाही. शौर्य तिथे नको. आणि तो गॅसचा गिझर झरोका नसलेल्या बाथरूममध्ये बसवलाय, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो. तो आजच बंद कर. थंड पाण्याने आंघोळ कर, खानदेशातल्या उन्हाळ्यात त्याने मरत नाही कुणी.

गच्चीवरच्या पांढऱ्या नळ्या उन्हाने ठिसूळ झाल्यात. त्यांना जुनी पोती गुंडाळ किंवा रंग दे. ते दिवाळीपर्यंत राहिलं तरी चालेल. नळ आणि नाहणी मात्र या रविवारी झाली पाहिजे. धाकटीला शेजारी बसव, पाना तिला धरू दे. कार्यानुभवाच्या तासाला तू गणिताची वही उघडून बसायचास, तिच्या शाळेतही तेच चालत असणार.

पुढच्या आठवड्यात माझं पेन्शनचं काम आहे जळगावला, तेव्हा येईन. जुना वायसर टाकू नकोस, मला बघायचाय. आणि काम सूनबाईंनी केलं असेल तर मला कळेल, मी आधी तुझी नखं बघणार आहे.