देय आणि अदेय

जे आपण पाहिले, अनुभवले, ज्याचे दीर्घकाळ मनन केले, ते चार लोकांपुढे मांडावे ही इच्छा मनुष्याच्या ठिकाणी इतकी जुनी आणि इतकी स्वाभाविक आहे, की तिच्याविषयी धर्मदृष्टीने काही विचार करावयाचा असतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी ही इच्छा फळास यावयाची तर संपादकाची पसंती, छापखाना, कागद आणि पैसा यांची जुळणी व्हावी लागे, आणि त्या विलंबात लेखकाला पुनर्विचाराचा अवधी आपोआप मिळत असे. ब्लॉग लिहिण्यासाठी 1999 मध्ये ब्लॉगर आणि 2003 मध्ये वर्डप्रेस, तर छायाचित्रांसाठी 2004 मध्ये फ्लिकर निघाले, युनिकोडमुळे देवनागरी अक्षर कोणत्याही संगणकावर जसेच्या तसे उमटू लागले, आणि तो अवधी संपुष्टात आला. आज ज्याला मराठी लिहिता येते आणि ज्याच्या हाती कॅमेरा असलेला फोन आहे, असा कोणीही गृहस्थ वा गृहिणी एका दुपारात खाते उघडून, ब्लॉगला नाव देऊन, मजकूर आणि छायाचित्र चढवून जगापुढे येऊ शकते. ही कृती शिकविणारे पुष्कळ आहेत आणि ती अवघडही नाही. परंतु ‘प्रकाशित करा’ या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी जो प्रश्न नवशिक्याला पडावयास हवा, तो निराळाच आहे. जे मी देऊ पाहतो, ते देण्याचा मला अधिकार आहे काय?

या प्रश्नाच्याही आधी एक आक्षेप उभा राहतो, आणि तो दुर्लक्षून पुढे जाणे योग्य नव्हे. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्यांनी पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा अशा तीन एषणा, म्हणजे वासना, सांगून आत्मज्ञानी पुरुष त्यांच्यापासून परावृत्त होतो असे म्हटले आहे. तेव्हा आपले लेखन आणि आपली चित्रे लोकांपुढे ठेवण्याचा हा सगळा खटाटोप लोकैषणेचाच एक प्रकार नव्हे काय, असे विरक्त वृत्तीचा वाचक विचारील. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. समर्थ रामदासांइतका विरक्त पुरुष महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल, आणि त्यांनीच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला. अक्षर सुटे, सरळ आणि सारख्या आकाराचे असावे. तारुण्याच्या भरात ते इतके बारीक काढू नये की म्हातारपणी स्वतःलाच वाचता येणार नाही. पानाच्या चोहोबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षराला धक्का लागणार नाही. इतक्या बारकाईने त्यांनी लिहिले, ते लेखकाच्या कीर्तीसाठी नव्हे. अनोळखी वाचकाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये आणि ग्रंथ पुष्कळ काळ टिकावा, याची ती काळजी आहे. जेथे लेखकाचे चित्त वाचकाच्या सोयीकडे लागलेले असते तेथे लोकसंग्रह असतो, आणि जेथे ते स्वतःच्या प्रतिमेकडे लागलेले असते तेथे लोकैषणा असते. बाह्य कृती मात्र दोहोंकडे एकच दिसते. म्हणून ज्याने आजच ब्लॉग उघडला आहे त्याने किती जण येऊन गेले याचा आकडा पाहत बसण्यापेक्षा आपला परिच्छेद फोनच्या लहान पडद्यावर वाचता येतो की नाही, छायाचित्राखाली गाव आणि तारीख घातली की नाही, आणि ज्याला दृष्टी नाही त्याच्यासाठी चित्राचे दोन ओळींत वर्णन दिले की नाही, हे पाहावे.

तेव्हा लोकांपुढे मांडणे हे जर निर्दोष असेल, तर ते दानाच्या स्वरूपाचे असले पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची जी कसोटी सांगितली आहे तीत देश, काल आणि पात्र यांचा विचार आहे, आणि जो उलट उपकार करणार नाही त्याला द्यावे अशी अटही आहे. परतफेडीच्या आशेने दिलेले ते राजस. लोकांच्या पसंतीच्या खुणा मोजण्यासाठी जे छायाचित्र दिले जाते ते कोणत्या वर्गात बसते, हे सांगावयास नको. परंतु येथे एक खरी अडचण आहे. आपले स्वत्व सोडून त्या वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे, अशी दानाची व्याख्या धर्मशास्त्रकार करतात. गाय दिली की ती दात्याची राहत नाही. छायाचित्र दिले तरी ते देणाऱ्याजवळ राहतेच. त्या अर्थी ते गोदानापेक्षा विद्यादानाच्या अधिक जवळचे आहे, कारण विद्याही देण्याने उणी होत नाही. मात्र विद्या देणारा गुरू शिष्याची पारख करून घेत असे, आणि ब्लॉग लिहिणाऱ्याला आपला ग्राहक कोण हे कधीच कळत नाही. पात्राची निवड ज्याच्या हाती राहिलेली नाही, त्याने वस्तूची निवड अधिक कठोरपणे केली पाहिजे, असे माझे मत आहे.

वस्तूच्या निवडीविषयी आपल्या शास्त्रकारांनी केलेला विचार विसरला गेला आहे, आणि तो आज फार उपयोगी पडणारा आहे. नारदस्मृतीत दानाच्या व्यवहारासंबंधी जे प्रकरण आहे, त्यात काही वस्तू अदेय ठरविल्या आहेत. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली ठेव, मागून आणलेली वस्तू, गहाण, समाईक मालमत्ता, पुत्र, पत्नी: या गोष्टी कठीण आपत्काळीही देऊ नयेत, असा तेथे दंडक आहे. पुत्र आणि पत्नी यांना संपत्तीच्या रांगेत बसविणारी त्या काळाची समाजरचना आपण सोडून दिली, हे उचितच झाले. परंतु माणसावर आपली सत्ता चालत असली तरी त्याला देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा त्या निषेधाचा गाभा कायम आहे. न्हाणीघरातल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र कितीही गोड असो, ते मूल वीस वर्षांचे होईल तेव्हा त्याला ते जगाच्या दप्तरात आढळावे काय, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून ते अदेय. मित्राने दुःखाच्या भरात सांगितलेली हकीकत ही ठेव आहे. नाव बदलून लिहिली तरी ती ठेवच राहते. लग्नाच्या पंगतीतले छायाचित्र समाईक आहे. कायद्याच्या भाषेत पाहिले तर 1957 च्या कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो. पण सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे, आणि चित्र माझे असले तरी चेहरा माझा नाही, हा भेद त्यामुळे अधिकच ठळक झाला आहे.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडच्या वाटेने दिवे घाट चढते तेव्हा वळणावळणावर कॅमेरे घेतलेली माणसे उभी असतात. तेथे एका वर्षी डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका वृद्ध वारकरी बाईंना एका तरुणाने थांबवून, “माउली, फोटो काढला तर चालेल का?” असे विचारले. “काढ की बाबा,” त्या म्हणाल्या, “पण आधी मला दाखव, मग लोकांना.” त्याने फोन पुढे केला. त्यांनी पदर सारखा करून स्वतःचा चेहरा निरखला आणि त्या प्रसन्न झाल्या; पण पुढच्या चित्रात त्यांची फोड आलेली, चिंधी गुंडाळलेली पावले दिसताच म्हणाल्या, “हा तेवढा पूस. माझं पाय पांडुरंगाला ठावं हायेत, लोकांना कशाला?” तरुणाने त्यांच्यादेखत ते चित्र पुसले. बहुधा तेच त्याचे सर्वांत प्रभावी चित्र ठरले असते. माझ्या मते त्या क्षणी त्याने जे सोडले, ते त्याने पुढे जे काही प्रसिद्ध केले असेल त्याहून मोठे दान होते.

दिलेले परत घेणे, म्हणजे दत्तापहार, हा शास्त्रात दोष मानलेला आहे. संगणकाच्या जाळ्यात तो करू म्हटले तरी साधत नाही, कारण आपण मूळ चित्र काढून टाकले तरी त्याच्या प्रती कोठे कोठे गेल्या याची नोंद कोणापाशी नसते. उलट जे टिकावे असे वाटते ते मात्र टिकेलच असे नाही. गूगल प्लस हे समाजमाध्यम 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाले, तेव्हा त्यांच्या खात्यांतला मजकूर तेथून काढून टाकण्यात आला. आपल्या लेखांची आणि मूळ छायाचित्रांची एक प्रत नवशिक्याने पहिल्या दिवसापासून आपल्या घरी ठेवावी. तसेच फोनने काढलेल्या चित्राच्या पोटात पुष्कळदा स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात; घरातले चित्र चढविण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी.

मग देय काय? आपल्या खेड्यापाड्यांतून देवळाच्या आवारात, पाराखाली, ओढ्याच्या काठी वीरगळ, म्हणजे धारातीर्थी पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, उभे आहेत. कित्येक अर्धे जमिनीत गेले आहेत, आणि पुष्कळांची कोठेही नोंद नाही. खालच्या चौकटीत युद्धात पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य, असा त्यांचा सामान्य क्रम असतो. सकाळच्या किंवा उतरत्या दुपारच्या तिरप्या उन्हात कोरीव काम स्पष्ट दिसते. भर बारा वाजता तोच दगड सपाट भासतो. खडूने रेषा उठवू नयेत, तेल-पाणी ओतू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून समोरून एक आणि बाजूने एक चित्र घ्यावे, गाव-तालुका लिहावा, आणि गावातली वृद्ध मंडळी त्या दगडाविषयी जे सांगतात ते त्यांच्या परवानगीने त्यांच्याच शब्दांत उतरवावे. एवढाच विवेक करावा, की रानात राखणीवाचून पडलेली, उचलून नेता येईल अशी मूर्ती असेल तर तिचे नेमके ठिकाण प्रसिद्ध न करता ते पुरातत्त्व खात्याला कळवावे. ज्या वाचकाला ब्लॉग सुरू करावयाचा आहे आणि आरंभ कशाने करावा हे सुचत नाही, त्याने येत्या रविवारी आपल्या गावच्या देवळामागे जाऊन यावे आणि पहिला लेख त्या दगडावर लिहावा.