समोरून येणारा

सोलापूरहून हैदराबाद म्हणजे आमच्याकडे काही फार मोठा प्रवास नव्हे. तीनेकशे किलोमीटर. पहाटे निघालं की नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, तेलंगणातलं जहीराबाद, आणि जेवणाच्या वेळेला मुक्काम. पावसाने गाठलं, की हाच रस्ता अख्खा दिवस खातो. वाटेत पाट्यांवरची लिपी दोनदा बदलते. पावसाचं नावही बदलतं: पाऊस, मळे, वान. सोलापूरकराला तिन्ही शब्द कानाचे. हद्द आपल्याला असते, पावसाला नसते.

13 ऑक्टोबर 2020 ला सकाळी बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. त्या रात्री हैदराबाद पाण्यात गेलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्हा. पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टणम हा 65 क्रमांकाचा महामार्ग नकाशावर पाहावा; पाऊस जणू त्याच वाटेने उलटा आमच्याकडे चालत आला होता. हैदराबादची बातमी हाच आमच्यासाठी अंदाज होता. आम्ही ती ‘तिकडची’ म्हणून पाहिली.

त्यात आमचा मुलूख दुष्काळी. इथे पावसाला ‘नको’ म्हणायची जिभेला सवयच नाही. कोकणातला माणूस पाण्याला भिऊन असतो. आमचा ओढा दहा महिने कोरडा, शेरडं चरायची जागा; तो गाडी ओढून नेईल हे मनाला पटत नाही. पण जोराने वाहणारं फूटभर पाणी छोटी गाडी उचलू शकतं. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, तेव्हा लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. चौपदरी रस्त्यालाही नदीने थांबवलं.

एकदा उमरग्याच्या पुढे असाच अडकलो होतो. वायपर चालू असूनही काच आंधळी झालेली. मोबाइलवर रस्ता निळा, मोकळा दिसत होता. धाब्यावर समोरून एक ट्रक येऊन थांबला. चालक भिजलेला, त्याची भाषा धड कुठलीच नव्हे. मी विचारलं, “पुढं पाणी?” त्याने उत्तर दिलं नाही. खाली वाकून निम्म्या टायरवर आडवा हात धरला, आणि चहा मागवला. आम्हीही खाट धरली. चार तास गेले. पोचायला रात्र झाली.

त्या हाताला ना राज्य होतं ना भाषा. जे आपल्या वाट्याला यायचं आहे, त्यातून तो नुकताच पार होऊन आला होता, एवढाच त्याचा अधिकार. पुरात, साथीत, दुष्काळातही असा कोणीतरी समोरून येत असतो. शेजारच्या राज्याची बातमी ही त्याचीच खूण असते. ती दिसली की गाडी बाजूला घ्यावी. उशिरा पोचल्याचा कमीपणा वाटून घेऊ नये.