पोटातल्या बाळाची पारख

पूर्वी आपल्याकडे चोरओटी भरीत ती घरच्या चार बायकांत, आणि उघड कौतुक होई ते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. मधले महिने तसेच गुपचूप जात. बाळ पोटात फिरू लागे, पण ते फिरणे एकट्या आईला कळे. बापाने विचारायचे नाही, आणि विचारलेच तर तिने लाजून विषय बदलायचा. आता तसे राहिले नाही. आमच्या राजगुरुनगरात पाचवा महिना लागला की नवराबायको दोघे सोनोग्राफीला जातात, पडद्यावर बाळाचे हृदय फडफडताना पाहतात, आणि घरी येताच आजी विचारते, "काय दिसलं रे?" यात काही वाईट आहे असे आम्हास वाटत नाही. होणारा बाप नऊ महिने परक्यासारखा ओसरीवर बसून राही, त्यापेक्षा हे पुष्कळ बरे. परंतु आजीच्या या साध्या प्रश्नापोटी एक मोठा प्रश्न दडलेला आहे, तो सज्जनांपुढे ठेवावा असे मनात आले. जन्माला न आलेल्या जीवाकडे आपण डोकावून पाहतो, ते कशासाठी? त्याला जपण्यासाठी, की त्याची पारख करण्यासाठी?

या यंत्राची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आत काय आहे ते ओळखायचे, ही युक्ती कारखान्यात आधी रुळली होती. जाड लोखंडात वरून न दिसणारी चीर आहे का, ते तिच्यामुळे कळे. स्कॉटलंडातील ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन जवळच्या एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राने त्या तपासून पाहिल्या. पुढे १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे लोखंडातली खोट शोधणारी विद्या आईच्या पोटावर येऊन पोहोचली.

चाकणच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात असलेला, इथे भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण आम्हाला म्हणाला, "माउली, आमच्याकडं असंच मशीन आहे. वेल्डिंगमध्ये खोट निघाली की माल रिजेक्ट. परवा बायकोच्या सोनोग्राफीला उभा होतो. डॉक्टर मापं सांगत होते, अन् माझ्या छातीत धडधडायला लागलं. वाटलं, आता शिक्का मारतात की काय!"

त्याची धडधड आम्हाला फार मोलाची वाटली. मालाचे माप आधी नकाशावर ठरलेले असते. त्यात बसला तर ठेवायचा, नाही तर टाकायचा. मुलाचा नकाशा कोणत्या बापाने काढला आहे? डॉक्टर मापे घेतात हे खरे. विसाव्या आठवड्याला बाळ वीतभराहून थोडे लांब, वजनाने साधारण तीनशे ग्रॅम असते. डोक्याचा घेर, मांडीचे हाड, हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, सगळे एकेक करून पाहतात. वार कोठे चिकटली आहे तेही पाहतात. पण हे पाहणे पुढच्या तयारीसाठी आहे. वार खाली असेल तर रक्तस्राव होण्याचा धोका ध्यानात घेऊन जपायचे. हृदयात दोष दिसला तर लगेच उपचार मिळतील अशा मोठ्या रुग्णालयात बाळंतपण करायचे. म्हणून आम्ही त्याला एक कसोटी सांगितली. बाळाविषयी काही जाणून घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हे कळले तर बाळासाठी आपल्या हातून काय होणार? उत्तर देता आले तर अवश्य जाणावे. जे कळते ते आपल्यावरचे ऋण होते. बाळाच्या कपाळावरचा शिक्का होत नाही.

या कसोटीवर 'मुलगा की मुलगी' हा प्रश्न क्षणभरही टिकत नाही. ते आधी कळल्याने बाळाच्या एका घासात तरी फरक पडतो काय? उलट, आमच्या महाराष्ट्राने त्याचे जे केले ते सांगताना मान खाली जाते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपणच केला, १९९४ साली देशाचा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. आणि तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. यंत्र दोष शोधण्यासाठी आले, आणि आपण मुलगी हाच दोष ठरविला! दवाखान्याच्या भिंतीवर पाटी टांगलेली असते, आणि तिच्याखालीच बसून 'पेढे की बर्फी?' असे आडून विचारणारे महाभाग निघतात. असो.

कोणी म्हणेल, हे सोपे सांगितलेत. पण खरोखरच मोठे व्यंग निघाले तर? हा प्रश्न कठीण आहे, आणि ज्यांच्या घरी तो प्रसंग येतो त्यांना आम्ही व्यासपीठावरून उपदेश करणार नाही. व्यंग गंभीर असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविले तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा २०२१ च्या कायदेदुरुस्तीने दिली आहे. जे मूल जगूच शकणार नाही, त्याच्या आईचे दुःख तिलाच ठाऊक. परंतु एवढे मात्र बोललेच पाहिजे : वाकडे पाऊल जन्मानंतर प्लास्टर बदलत बदलत सरळ करता येते, दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने सांधता येतो, आणि अशा बाळाविषयीही 'नको बाबा, दुसरं बघू' असे म्हणणारी घरे आहेत. हा कारखान्याचा शिक्का झाला. उद्या पाच वर्षांचे धडधाकट पोर अपघातात अधू झाले, तर त्याला काय सांगणार?

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागते. सगळे घर पडद्याकडे पाहू लागले आणि बाळाची आई मागे पडली. त्या तरुणाला बाळाच्या मांडीचे हाड किती मिलिमीटर ते तोंडपाठ होते. आम्ही विचारले, "सूनबाईंचं हिमोग्लोबिन किती आहे?" तो गप्प बसला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे त्यांचे हिमोग्लोबिन अकराच्या खाली. लोहाची गोळी सरकार फुकट देते, रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यायची. पण गोळीने मळमळते, शौचास खडा होतो, म्हणून पाकीट फडताळात पडून राहते, आणि सासूबाईंपासून नवऱ्यापर्यंत कोणी विचारीत नाही. पहाटे डबा करणारी तीच, पाणी भरणारी तीच.

अभिमन्यूची कथा आपल्याकडे होणाऱ्या प्रत्येक आईला सांगतात, म्हणजे तिने पोटातल्या बाळासाठी काही चांगले ऐकावे. सांगोत बापडे, बाळ साधारण सहाव्या महिन्यापासून आवाजाला प्रतिसाद देऊ लागते हे खरेच आहे. पण चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचा भाग ऐकण्याआधी सुभद्रेला झोप लागली, आणि पोराचा घात झाला, असा ठपका तिच्यावर ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हाला पटत नाही. दिवस गेलेल्या बाईला झोप लागणारच. सांगणाऱ्याने उद्या सांगावे!

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. तिथे रक्त, रक्तदाब, लघवी, वजन असे सगळे आईचे पाहतात. रांग मोठी असते, चाकणची पाळी बदलून घ्यावी लागते, नाही मिळाली तर एका दिवसाचा खाडा होतो. पडद्यावरचे बाळ पाहण्यासाठी खाडा करणाऱ्या बापाने या रांगेतही तिच्याबरोबर उभे राहावे, आणि घरी आल्यावर आजीने "काय दिसलं?" याच्या आधी "तिला काय सांगितलं?" असे विचारावे, एवढे आमचे मागणे आहे.