अनाम देवांचा सडा

सावंतवाडीहून मालवणला निघालेली माणसं बहुतेक थेट किनारा गाठतात. मालवण तालुक्यातल्याच कुडोपीच्या सड्याकडे, म्हणजे कातळी पठाराकडे, फार थोडे वळतात. तिथल्या उघड्या जांभ्यावर माणसं, प्राणी आणि अजून अर्थ न लागलेल्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. ऊन कलतं तेव्हा कोरीव रेघेच्या कडेला सावली धरते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी तीच आकृती कातळात विरून जाते. गावकरी त्यांना बाहुल्या म्हणत आले. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातली नऊ कातळशिल्पस्थळं गेली. त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी हे एकच.

ही जागा पवित्र मानायची का?

ग्वाटेमालात टिकालच्या माया मंदिरांपुढे हा प्रश्न एवढा अवघड होत नाही. तिथली लिपी वाचता येते, राजांची नावं कळतात, माया भाषा बोलणारे लाखो लोक आजही आहेत. पवित्र स्थळी विधी करण्याचा त्यांचा हक्क मूलनिवासींच्या हक्कांविषयीच्या १९९५च्या करारात मान्य झाला आणि टिकालच्या चौकात आजही होम पेटतात. कुडोपीला असा वारस नाही. कोरणाऱ्यांचा मंत्र गेला, भाषा गेली. काळाबद्दलही अभ्यासकांचं एकमत नाही. कुणाला एखाद्या आकृतीत मातृदेवता दिसते, पण तो तर्कच.

तरीही कोकणी माणसाला अनाम देव परका नाही. गावच्या सीमेवरच्या राखणदाराचं रूप कुणी पाहिलेलं नसतं, तरी त्याचा मान चुकत नाही. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यात ज्ञात-अज्ञात सगळ्यांना हाक जाते आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ओळख पटण्याआधी आदर देणारी ही श्रद्धा फार प्रगल्भ आहे. राजापूर तालुक्यात देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळची कोरीव चौकट तर गावाच्या धर्माचाच भाग होऊन राहिली आहे.

पण आदर म्हणजे ताबा नव्हे. ज्या आकृतीचा देव ठाऊक नाही तिला शेंदूर लावून आपल्या देवाचं नाव देणं, हा कोरणाऱ्यावर अन्यायच. आणि तो जांभा म्हणजे नुसता चिरा, असं समजून खाण लावणं हा त्याहून मोठा.

सड्यावर जाल तेव्हा चपला बाजूला काढा, रेघांवर पाय देऊ नका. फोटो उठावदार यावा म्हणून खडू किंवा रंग भरू नका. वाट दाखवायला गावातला माणूस बरोबर घ्या, आणि तो काय सांगतो ते नीट ऐका.